रुबिक डर्ट : रोमनवर शोभणारा मळ, देवनागरीत अर्थ खाणारा

जुन्या छपाईसारखा, झिजलेला, ठळक फॉन्ट फुकटात हवा असेल तर गूगल फॉन्ट्सवर रुबिक डर्ट लगेच समोर येतो. महोत्सवाचे पोस्टर, कॉफीच्या पाकिटावरचे लेबल, टी-शर्ट, व्हिडिओचे थंबनेल अशा सगळ्या ठिकाणी तो लावला जातो. त्यातल्या निम्म्या ठिकाणी तो चुकीच्या मापात असतो आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी शेजारी गुळगुळीत देवनागरी ठेवून त्याची शोभा घालवलेली असते. फॉन्ट चांगला आहे. पण तो नक्की कशाची नक्कल करतो, कुठल्या मापापासून चालतो आणि मराठी मजकूर आला की काय करायचे, एवढे ठाऊक असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आधी कुळ पाहू. साधा रुबिक हा फिलिप ह्यूबर्ट आणि सेबास्टियन फिशर यांनी 2015 च्या सुमारास गूगलच्या क्रोम क्यूब लॅब या उपक्रमासाठी केला. निमित्त रुबिकच्या घनाचे होते, म्हणून अक्षरे घनाच्या एका चौकोनात बसतील अशी, काहीशी चौकोनी आणि कोपरे किंचित गोलावलेली आहेत. बर्लिनच्या नॅन या अक्षरशाळेने पुढे याच रुबिकवर ‘फिल्टर’ चालवून एक आख्खे गोतावळे तयार केले. त्यात वेट पेंट आहे, ग्लिच आहे, डिस्ट्रेस्ड आहे आणि हा डर्टही. अक्षराच्या बाह्यरेषेवर प्रोग्रॅम चालवायचा आणि तो तिला खरवडेल, वितळवेल किंवा कुरतडेल, अशी ही पद्धत. डर्टमध्ये हा प्रोग्रॅम ठळक अक्षराच्या पोटात बारीक, वेडीवाकडी छिद्रे पाडतो. शाई न लागलेल्या जागेसारखी ती दिसतात.

याचा चांगला परिणाम असा की पोत अक्षराच्या बाह्यरेषेतच आहे, वर चिकटवलेले चित्र नाही. कितीही मोठा केला तरी फाटत नाही, रंग बदलता येतो, मागची पार्श्वभूमी छिद्रांतून खरोखर दिसते. वाईट परिणाम पुढे येतीलच.

फॉन्टला वजन एकच आहे. दिसायला ठळक असला तरी फाइलमध्ये त्याची नोंद ‘रेग्युलर’, म्हणजे 400 अशी आहे, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. वेबपानावर मुख्य शीर्षकाच्या टॅगला ब्राउझर आपणहून ठळक वजन लावतो. 700 वजनाची फाइल नसल्यामुळे तो आहे त्याच अक्षराला चारी बाजूंनी फुगवतो. फुगवताना बारीक छिद्रे बुजतात, मोठी छिद्रे आक्रसतात आणि उरतो तो गाठी आल्यासारखा काळा गोळा. उपाय एका ओळीचा आहे: त्या शीर्षकाला फॉन्ट-वेट 400 द्यावे आणि जोडीला फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ करून ठेवावे. वर्डमध्ये ‘बी’चे बटण दाबल्यावरही हेच होते. तिरपे करण्याचे बटणही दाबू नये. खरे इटॅलिक यात नाही, छिद्रांसकट सगळे नुसते कलते.

फाइलही जड आहे. साध्या ‘ओ’ला दोन बंद रेषा पुरतात. इथे प्रत्येक छिद्र ही स्वतंत्र बंद रेषा आहे आणि प्रत्येक रेषेला स्वतःचे बिंदू. फॉन्टमध्ये रोमनबरोबर सिरिलिक आणि हिब्रूही आहे. गूगलच्या सर्व्हरवरून घेतला तर लिपीप्रमाणे तुकडे होऊन येतो, तरी एका शीर्षकासाठी आख्खा रोमन तुकडा उतरवणे ही उधळपट्टीच. फॉन्टच्या पत्त्यात ‘टेक्स्ट’ हा घटक जोडून नेमकी लागणारी अक्षरे सांगितली तर तेवढीच येतात. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा असेल तर फॉन्टटूल्सच्या सबसेट करणाऱ्या, म्हणजे हवी तेवढीच अक्षरे ठेवणाऱ्या, साधनाने हेच काम आधी उरकता येते. आठ-दहा अक्षरांच्या नावासाठी हा खटाटोप करायलाच हवा.

आता मापाचे गणित. एमच्या, म्हणजे फॉन्टच्या पूर्ण मापाच्या, एक टक्का रुंदीचे छिद्र धरा. 72 पॉइंटला एम 25.4 मिलिमीटर, म्हणजे छिद्र पाव मिलिमीटर. 24 पॉइंटला तेच छिद्र 0.08 मिलिमीटर उरते. ऑफसेटवर चकचकीत आर्ट पेपर असेल तर ते कदाचित टिकेल. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि ते नक्की बुजते. म्हणून छपाईत 48 पॉइंटच्या खाली आणि पडद्यावर चाळीसेक पिक्सेलच्या खाली हा फॉन्ट वापरू नये. त्याखाली तो जुना दिसत नाही, छपाई बिघडल्यासारखा दिसतो. पडद्यावर तर छिद्रांच्या कडा राखाडी होऊन अक्षर नुसते धुरकट होते.

टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करताना हे गणित आणखी कडक होते. कापडावर रंगाच्या मधली मोकळी जागा सुमारे अर्धा मिलिमीटर असेल तरच ती खात्रीने मोकळी राहते. एक टक्क्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे व्हायला फॉन्ट 140 पॉइंटचा लागतो. म्हणजे कॅपिटल अक्षराची उंची साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. छातीवरच्या मोठ्या नावाला हे जमते, खिशावरच्या छोट्या छापाला नाही. जाळीही बघावी लागते. इंचाला 110 धाग्यांच्या जाळीतून रंग भरपूर उतरतो आणि बारीक छिद्रे गिळतो. 200 च्या पुढची जाळी घ्यावी, आणि गडद कापडावर पांढरा थर खाली देणार असाल तर तो थर किंचित आत घ्यायला सांगावे. नाहीतर प्रत्येक छिद्राच्या कडेने पांढरी किनार डोकावते. डीटीएफमध्ये, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवण्याच्या पद्धतीत, अडचण उलटी असते. तिथे छिद्रे नीट येतात, पण अक्षरापासून सुटलेले एकटे ठिपके चिकटायला पुरेशी पावडर धरत नाहीत आणि धुण्यात निघून जातात. असे सुटे ठिपके आधीच पुसून टाकलेले बरे.

प्लॉटरवर व्हिनाइल कापायचे असेल तर हा फॉन्ट विसरा. शेकडो छिद्रांतला कचरा टोकदार चिमट्याने उचलत बसणारा कारागीर पुढच्या वेळी तुमचे काम घेणार नाही.

फ्लेक्सचे मात्र निराळे. फूटभर उंचीच्या अक्षरात एक टक्क्याचे छिद्र चार मिलिमीटरचे होते, छपाईला काहीच अडचण नाही. पण चार मिलिमीटरचा तपशील साधारण 14 मीटरपलीकडे डोळ्याला वेगळा कळत नाही. रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला पोत दिसतच नाही, फक्त काळे अक्षर जरा विटलेले वाटते. दूरच्या होर्डिंगसाठी डर्टपेक्षा मोठमोठे लचके तोडलेला डिस्ट्रेस्ड हा भाऊबंद बरा. जवळून पाहायच्या स्टँडीला डर्ट.

फ्लेक्सच्या दुकानातली दुसरी सवय म्हणजे अक्षराला पांढरी आउटलाइन आणि मागे सावली. डर्टला आउटलाइन दिली की ती प्रत्येक छिद्राच्या आतूनही फिरते आणि पोत भरून जातो. कोरलड्रॉ या प्रोग्रॅममध्ये अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या नुसत्या रेषा करून, शेपिंगमधले ‘बाउंडरी’ वापरावे. ते फक्त बाहेरची रेष काढून देते. ती अक्षरांच्या मागे ठेवून आउटलाइन तिला द्यावी. याच बाउंडरीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फार कमी लोक करतात. तिच्यात अक्षराच्याच रंगाची फिकट छटा, समजा 70 टक्के, भरावी. मग छिद्रांतून पांढरा कागद दिसत नाही, पातळ शाई लागल्याचा भास होतो. अक्षर वाचायला सोपे जाते आणि छपाईच्या जास्त जवळचेही वाटते. फक्त ‘ओ’, ‘ए’ यांच्या पोटातली मोठी मोकळी जागा बाउंडरीने बुजते, ती परत कापून काढायला विसरू नये. मजकूर लांब असेल तर कर्व्ह केल्यावर नोडची, म्हणजे रेषेवरच्या बिंदूंची, संख्या इतकी वाढते की जुना संगणक अडकतो. म्हणून शब्द-शब्द करून कर्व्ह करावे आणि मूळ टाइप केलेली प्रत वेगळ्या पानावर जपून ठेवावी.

आता नक्कल कशाची, हा प्रश्न. माझ्या मते डर्ट हा जुन्या लाकडी टाइपची नक्कल नाही, आणि तसा समजून वापरला की फसतो. लाकडी टाइपच्या छपाईत शाई दाबाने कडेला ढकलली जाते, म्हणून अक्षराची कड गडद आणि पोट विरळ असते. एखादा ठोकळा झिजून बुटका झालेला असतो, तो एकटाच फिका उठतो. लाकडाच्या रेषा एकाच दिशेने उमटतात. कोपरे आपटून तुटलेले असतात. डर्टमध्ये यातले काहीच नाही. मळ कडेपासून कडेपर्यंत सारखा पसरलेला आहे. तो भिंतीवर स्टेन्सिलने मारलेल्या रंगासारखा, घासलेल्या टी-शर्टसारखा किंवा टोनर संपत आलेल्या झेरॉक्ससारखा दिसतो. त्या कामांना तो अचूक बसतो. सांगाडाही आड येतो. रुबिकचे गोलावलेले चौकोनी कोपरे हे एकविसाव्या शतकातल्या पडद्याचे कोपरे आहेत, त्यांच्यावर कितीही धूळ टाकली तरी 1950 चे पोस्टर होत नाही.

गंमत अशी की खरा लाकडी टाइप जन्मतः स्वच्छच असे. न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्सने 1827 मध्ये फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी अक्षरे कोरायला सुरुवात केली आणि 1834 मध्ये लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची, म्हणजे नमुना गिरवून त्याची लहान-मोठी नक्कल करणाऱ्या साधनाची, जोड दिली, ती मुळी एकसारखी, गुळगुळीत अक्षरे भराभर मिळावीत म्हणून. आज आपण जिच्यावर भाळतो ती झीज नंतरच्या हजारो छापांची आहे. तसा काळ उभा करायचा असेल तर अँटन किंवा बेबास न्यूसारखा उंच, चिंचोळा फॉन्ट घ्यावा आणि पोत स्वतः द्यावा. रुबिक डर्टपेक्षा मेहनत तासभर जास्त पडते, फरक मात्र लगेच कळतो.

रोमनमध्येही एक खोट लपत नाही. प्रत्येक अक्षराचे रूप एकच असल्यामुळे तेच अक्षर पुन्हा आले की तीच छिद्रे, त्याच जागी. ‘काका’ किंवा ‘मामा’ असे नाव रोमनमध्ये लिहिले की दोन्ही जोड्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात आणि जुनेपणाचे सोंग तिथेच उघडे पडते. एरिक व्हान ब्लोकलंडने 1991 मध्ये केलेला ट्रिक्सी हा टाइपरायटरचा फॉन्ट आठवा. त्याच्या पुढच्या एचडी आवृत्तीत एकेका अक्षराची अनेक रूपे आहेत आणि ती टाइप करता करता आपोआप आलटूनपालटून येतात. डर्टमध्ये हे काम हाताने करावे लागते. कर्व्ह करून ‘ए’, ‘एम’, ‘टी’, ‘यू’, ‘व्ही’ ही अक्षरे आडवी उलटवावीत. ‘एन’ आणि ‘झेड’ अर्धा फेरा फिरवावेत. ‘ओ’, ‘एच’, ‘आय’, ‘एक्स’ कसेही उलटवले तरी चालतात. ‘बी’, ‘एस’, ‘के’ यांना हात लावू नये, त्यांचा वरचा भाग खालच्यापेक्षा लहान असतो आणि उलटे केले की अक्षर डोक्यावर उभे राहिल्यासारखे वाटते. त्यांच्यात दोन-चार छिद्रे बुजवून दुसरीकडे दोन-चार पाडावीत.

देवनागरी यात नाही. ना अक्षरे, ना मराठी अंक. मराठी मजकूर टाकला की संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो आणि मळकट रोमनशेजारी परीटघडीचे देवनागरी उभे राहते. जोडीला घ्यायचाच तर ‘एक टाइप’ या अक्षरशाळेचा ‘अनेक देवनागरी’ हा फॉन्ट घ्यावा. त्याचे वजन एक्स्ट्रा बोल्डपर्यंत जाते आणि रुंदीही कमी-जास्त करता येते, त्यामुळे रुबिकच्या रुंद अंगाशी मेळ बसवता येतो. बलू 2 चा एक्स्ट्रा बोल्डही चालतो, पण तो जास्त गुबगुबीत आहे आणि मळल्यावर केविलवाणा दिसतो. देवनागरीचे माप रोमनच्या कॅपिटल उंचीवरून ठरवावे: शिरोरेषा कॅपिटलच्या माथ्याला लावायची, वेलांट्या आणि मात्रा तिच्यावर जाऊ द्यायच्या.

पण पोत कसा द्यायचा? ‘तोच फिल्टर देवनागरीवर चालवला की झाले’ असे वाटते, आणि ते चूक आहे. रोमनमध्ये ठळक अक्षराचा पंधरा टक्के भाग उडाला तरी वाचायला बाधा येत नाही. देवनागरीत दोन मिलिमीटर जागा शब्दाचा अर्थ सांभाळत असते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला मोठा फरक शिरोरेषेच्या डाव्या तुटीचा. ओरखडा नेमका तिथे पडला की ‘घन’चे ‘धन’ आणि ‘मात’चे ‘भात’. उलट शाई पसरून तूट बुजली की ‘भात’ परत ‘मात’. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ गेली की ‘प’, ‘ब’च्या पोटातली गेली की ‘व’. रफार झिजला की ‘अर्थ’चा ‘अथ’. सर्वांत फसवे ते ठिपके. अनुस्वार उडाला तर ‘आंबा’चा ‘आबा’ होतो, आणि अक्षराबाहेर उडालेला शाईचा एखादा कण शिरोरेषेवर बसला की ‘पत’चा ‘पंत’. प्रोग्रॅमला यातले काही ठाऊक नसते. म्हणून देवनागरीत अक्षराबाहेरचे उडालेले कण अजिबात ठेवू नयेत, निदान शिरोरेषेच्या वर तरी.

खऱ्या जुन्या मराठी छपाईचा नमुना समोर ठेवला तर रस्ता सापडतो. जुन्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, तीन मजली पद्धतीत वरच्या मात्रा-अनुस्वाराचा खिळा वेगळा, मधल्या अक्षराचा वेगळा आणि खालच्या उकाराचा वेगळा असे, आणि जुळारी ते तीन मजल्यांत बसवत असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांची सुबक पानेही सुट्या खिळ्यांतून उभी राहत. शिरोरेषा ही एक सलग रेघ नव्हतीच, प्रत्येक खिळा आपापला तुकडा घेऊन येई. खिळे झिजले की दोन तुकड्यांच्या सांध्यात केसाएवढी फट दिसे, मात्रा किंचित सरके किंवा फिकी उठे. आपला डोळा जुन्या पुस्तकावरून ‘जुने’ ओळखतो तो बऱ्याच अंशी या फटींवरून, ठिपक्यांवरून नव्हे.

तेव्हा कृती अशी. शब्द अंतिम मापात ‘अनेक’च्या एक्स्ट्रा बोल्डमध्ये लिहून कर्व्ह करावा. दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत 0.15 ते 0.2 मिलिमीटरची उभी फट पाडावी, पण प्रत्येक सांध्यावर नाही, तीनांतल्या एकावर. इतकी बारीक फट ‘म’ला ‘भ’ करत नाही, त्याला तुटीची रुंदी लागते. एखादी मात्रा केसभर वर सरकवावी. मग पोत. लिनो किंवा सपाट लाकडी फळीवर रोलरने पातळ शाई फिरवून ती खरखरीत कागदावर हाताने दाबावी, तीन-चार छाप घ्यावेत आणि 600 डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करावेत. शाई जास्त घेतली तर सपाट काळा पट्टा मिळतो, तो निरुपयोगी. दुसरा-तिसरा छाप, शाई न भरता घेतलेला, बहुधा सर्वांत कामाचा निघतो. थ्रेशोल्ड लावून, म्हणजे राखाडी छटा काढून फक्त काळे-पांढरे ठेवून, त्यातले पांढरे ठिपके वेगळे करावेत, इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये ‘नॉइज’ वाढवून अगदी बारीक कण गाळावेत आणि उरलेले अक्षरांतून वजा करावेत. पोताचा एकच सलग तुकडा पूर्ण शब्दावर टाकावा, अक्षरागणिक नाही. मग दोन ‘क’ आपोआप वेगळे होतात. उडालेला भाग सात-आठ टक्क्यांवर नेऊ नये.

शेजारी रोमनमध्ये रुबिक डर्ट ठेवायचाच असेल तर दोन्हीकडे पोताचे दाणे सारख्या आकाराचे हवेत. तसे दिसत नसतील तर डर्ट सोडून साधा रुबिक ब्लॅक घ्यावा आणि तोच स्कॅन त्याच्यावरही टाकावा. पुष्कळदा हेच सरस ठरते. परवान्याची अडचण कुठेच नाही. रुबिक, डर्ट आणि ‘अनेक’ हे तिन्ही ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. लोगो, विक्रीचे टी-शर्ट, पाकिटे सगळे चालते, फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही.

छपाईला देण्याआधी खऱ्या मापातली एक पट्टी, खऱ्या कागदावर किंवा कापडावर, त्याच यंत्रातून काढून घ्यावी आणि शब्द न सांगता दुकानातल्याच कुणाला तरी वाचायला द्यावी. त्याने ‘घन’ला ‘धन’ म्हटले तर तो ओरखडा बुजवावा आणि पट्टी पुन्हा काढावी.